पाचवे शील आणि मद्यमुक्तीची सभा



विहारात आपण सर्वजण मिळून त्रिशरण-पंचशील म्हणतो. पाचवे शील आले की काही कर्त्या पुरुषांचा आवाज खाली जातो. काहीजण तर याच लाजेपायी विहारात येणेच सोडतात. माझ्या वर्गातील एका मुलीने एकदा मला विचारले, "गुरुजी, बाबांनी दारू पिणार नाही अशी प्रतिज्ञा घेतली आणि मोडली. मग आम्ही बौद्ध राहिलो नाही का?" त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. ते आज देत आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. दारूने आपल्या वस्त्यांची किती धूळधाण केली, हे तुम्हांला सांगावयास नको. परंतु लक्षात घ्या, शीलाला पालीत 'सिक्खापद' म्हणतात. सिक्खापद म्हणजे शिकण्याचा नियम. गणित चुकले म्हणून आम्ही शिक्षक मुलाचे नाव पटावरून काढून टाकत नाही. ते पुन्हा सोडवावयास लावतो. शील मोडले तर ते पुन्हा ग्रहण करावे. मात्र मोडल्याचे लपवू नये.

तुम्ही म्हणाल, "शंभरदा शपथ घेतली, शंभरदा मोडली." खरे आहे. दारूचे व्यसन हा आजार आहे, असे वैद्यकशास्त्र मानते. तो नुसत्या शपथेने बरा होत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर हातपाय थरथरतात, कधी फिट येते, भ्रम होतो. जिवावरही बेतू शकते. म्हणून आधी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना दाखवावे. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या 'मुक्तांगण'सारख्या केंद्रांत राहूनही उपचार घेता येतात.

पण दवाखान्यातून घरी आल्यावर काय? गुत्ता तर तिथेच असतो! अशा वेळी आधार देते ती सभा. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातला माणूस कामानिमित्त गेला होता. काम फसले आणि पिण्याची अनिवार इच्छा झाली. त्याने दुसरा दारुडा शोधला, केवळ बोलण्यासाठी. तो निघाला डॉ. बॉब स्मिथ, एक शल्यचिकित्सक. या दोघांच्या बोलण्यातून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस', म्हणजे 'ए. ए.', ही संघटना उभी राहिली. आज आपल्या महाराष्ट्रातही तिच्या सभा मराठीतून भरतात.

सभा कोठे भरते, हे व्यसनमुक्ती केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारा. केंद्र सरकारच्या १४४४६ या क्रमांकावर फुकट फोन करूनही व्यसनमुक्तीची माहिती व सल्ला मिळतो. पहिल्या दिवशी एकट्याला जाण्याचा संकोच वाटला तर घरच्याने दारापर्यंत सोबत करावी. तेथे फी नाही, जात विचारत नाहीत, आडनाव सांगावे लागत नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. एकेक जण उठून आपली हकीकत सांगतो, बाकीचे ऐकतात. तुम्ही नुसते ऐकलेत तरी चालते. जन्मभराची शपथ कोणी मागत नाही. 'फक्त आजचा दिवस पिणार नाही' एवढेच ठरवावयाचे. एका सभेने भागत नाही. पहिले काही महिने जितक्या सभांना जाता येईल तितके जावे. एक गट मानवला नाही तर दुसरा पाहावा.

आता आपल्या मनातील खरी अडचण. सभा कधी चर्चच्या खोलीत भरते. तिच्या 'बारा पायऱ्यां'त ईश्वराचा उल्लेख येतो, सभेत प्रार्थनाही म्हटली जाते. "आम्ही देव सोडला, मग तेथे कसे जावे?" असे विचारून एका घराने आपल्या माणसाला अडवल्याचे मला ठाऊक आहे. बंधूंनो, ए. ए. कोणत्याही धर्माची शाखा नाही. ज्या शक्तीचा आधार घ्यावयाचा ती ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे ठरवावी, अशी तेथे मोकळीक आहे. कित्येक निरीश्वरवादी आपल्या गटालाच ती शक्ती मानतात. प्रार्थनेची सक्ती नाही. आपण शांत उभे राहावे. आपण तर संघाला शरण जाणारी माणसे! उपोसथाच्या दिवशी भिक्खू एकत्र जमतात आणि ज्याच्या हातून दोष घडला त्याने तो प्रकट करावा, असा विनय आहे. चार माणसांत आपली चूक कबूल करणे धम्माला परके नाही.

भगिनींनो, नवरा जात नसेल तरी तुम्ही स्वतः मदत घेऊ शकता. मद्यपींच्या घरच्यांसाठी १९५१ पासून 'अल्-अ‍ॅनॉन' नावाच्या वेगळ्या सभा आहेत. त्याची दारू हा तुमचा दोष नव्हे. घरात मारहाण होत असेल तर मात्र सभेची वाट पाहू नका. आधी स्वतःला व मुलांना सुरक्षित जागी न्या.

आणि विहाराच्या कार्यकर्त्यांना विनंती. जो सभेला जाऊ लागला त्याची चेष्टा करू नका. तो पुन्हा घसरला तरी त्याच्यासाठी सतरंजीवर जागा ठेवा.

त्या मुलीला मी आता सांगेन, "बाळ, तुझे बाबा बौद्धच आहेत. त्यांचा धडा अजून पुरा व्हावयाचा आहे. त्यांना म्हणावे, आज सभेला चला."

जयभीम! नमो बुद्धाय!