एक शब्द, अनेक अर्थ : ‘रन’ या इंग्रजी शब्दाचा पाठ

(इयत्ता पाचवी ते सातवी)

उद्देश : शब्दाचा अर्थ एकट्या शब्दावरून नव्हे, तर वाक्यातील त्याच्या सोबतीवरून ठरतो, हे विद्यार्थ्यांस उदाहरणांवरून उमगावे.

विवेचन : महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी विषय पहिलीपासून शिकविला जातो. आरंभी ‘रन म्हणजे धावणे’ एवढेच मुले पाठ करतात. पुढे ‘द टॅप इज रनिंग’ हे वाक्य आले की एखादा मुलगा ‘नळ धावत आहे’ असे सांगतो आणि वर्ग हसतो. वस्तुतः त्याने शिकविलेलेच प्रामाणिकपणे सांगितलेले असते. त्या हशाने खजील झालेले मूल पुढे उत्तरासाठी हात वर करीत नाही. ही हानी चुकलेल्या अर्थाहून मोठी होय.

ऑक्सफर्डच्या बृहद् इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९ मधील दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत विस्तृत नोंद ‘सेट’ या शब्दाची होती. नंतरच्या संशोधनात ‘रन’ या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले गेले. इतके अर्थ पाठ करविणे अशक्य व अनावश्यकही आहे.

पूर्वज्ञान : मराठीतील ‘चालणे’ या क्रियापदापासून आरंभ करावा. बाळ चालते, घड्याळ चालते, दुकान चालते, खटला चालतो, फाटकी नोट चालत नाही. हे सर्व अर्थ मुले घरीच शिकून आलेली असतात. ही वाक्ये फळ्यावर लिहून प्रत्येकातील अर्थ मुलांकडूनच काढून घ्यावा.

मुख्य पाठ : उदाहरणे परिसरातील असावीत. आगाशीच्या शाळेत पुढील उदाहरणे घेता येतील. विरारची लोकल चर्चगेटपर्यंत ‘रन’ करते, म्हणजे धावते. विरारहून आगाशीकडे रस्ता ‘रन’ करतो, म्हणजे जातो. वाडीतला पंप ‘रन’ करतो, म्हणजे चालतो. सुकेळ्यांचे दुकान कोणी ‘रन’ करतो, म्हणजे चालवितो. सर्दीत नाक ‘रन’ करते, म्हणजे वाहते. घरातील मीठ ‘रन आउट’ झाले, म्हणजे संपले. क्रिकेटमधील फलंदाज ‘रन आउट’ झाला, म्हणजे धावबाद झाला.

यानंतर मुलांचे लक्ष एका गोष्टीकडे वेधावे. यंत्र इंग्रजीत धावते, मराठीत तेच चालते. कल्पना एकच, ती व्यक्त करण्याची रीत मात्र प्रत्येक भाषेची निराळी. गती सुटू न देता पुढे जात राहणे, हा धागा यांतील बहुतेक अर्थांत सापडतो.

सूचना : नवा शब्द वहीत एकटा लिहवून घेऊ नये, पूर्ण वाक्यासह लिहवावा. अर्थ चुकल्यास ‘येथे कोण धावते आहे?’ असे विचारून मुलास वाक्याकडे परत न्यावे. उत्तर त्यालाच गवसू द्यावे.

स्वाध्याय : ‘लागणे’ या क्रियापदाची भिन्न अर्थांची पाच वाक्ये मुलांनी घरच्या बोलण्यातून टिपून आणावीत.