आधी मशीन बंद करा

चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. गिअरबॉक्सचे शाफ्ट येतात, मी मायक्रोमीटर लावतो, आलेलं माप चार्टवर टिंब म्हणून मांडतो. अकरा वर्षं हेच काम करतोय. सलग सात टिंबं मधल्या रेषेच्या एकाच बाजूला पडली की मशीन थांबवायचं आणि कारण शोधायचं, हे मी नव्या ट्रेनीला पहिल्याच आठवड्यात शिकवतो. तरीही जून 2023 ते जुलै 2024 असे चौदा महिने माझ्या स्वतःच्या हातातलं एक मशीन मी थांबवलं नाही. फोनवरचा पोकर.

हे लिहितोय ते आमच्याच भागातल्या पोरांसाठी. मेदनकरवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे, मोशी, भोसरी इथे एका खोलीत चार-पाच जण राहतात, तिन्ही पाळ्या करतात, आणि पाळी सुटल्यावर झोप लागेपर्यंत हातात फोन असतो. बहुतेक जण रमी खेळायचे, नाहीतर तीन पत्ती. मी पोकरकडे वळलो, कारण तो हिशेबाचा खेळ आहे असं ऐकलं होतं आणि हिशेब आपल्याला येतो अशी माझी खात्री होती. एक-दोन रुपयांचं टेबल, बसायला दोनशे रुपये. दोनशे म्हणजे दोघांची मिसळ आणि चहा. छोट्या डावाचं हेच वाईट आहे. रक्कम कधीच एवढी मोठी होत नाही की छातीत धस्स व्हावं.

ऑक्टोबर 2023 मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिस दलातल्या एका उपनिरीक्षकाला फँटसी क्रिकेटच्या अॅपवर दीड कोटी रुपये लागल्याची बातमी आली. आमच्या कँटीनमध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. पुढे त्यांना निलंबित केलं गेलं, पण ती दुसरी बातमी कोणी तेवढ्या आवडीने सांगितली नाही. ज्याला लागले तो सगळ्यांना माहीत होता. ज्यांचे गेले ते माझ्याच टेबलावर शेजारी बसून भाजी-पोळी खात होते आणि गप्प होते.

जानेवारी 2024 पासून मला पत्ते लागेनात. एक सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. तिसरी पाळी करून कंपनीच्या बसमध्ये बसलो होतो, बस तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली. हातात इस्पिक आणि बदामचा एक्का. एक्क्यांची जोडी सरासरी 221 डावांत एकदा येते, म्हणून आली की अंगावर काटा येतो. समोरच्याकडे राजांची जोडी निघाली. आम्ही दोघांनी होते तेवढे सगळे पैसे आत लोटले. शेवटच्या पत्त्याला किलवरचा राजा पडला. अकराशे चाळीस रुपये गेले. मान वर केली तेव्हा मोशीचा माझा स्टॉप मागे पडला होता. भोसरीपर्यंत गेलो, तिथून उलटा आलो, आणि त्या उलट्या प्रवासात पुन्हा पाचशे भरले.

आता शांतपणे सांगतो. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीविरुद्ध पाचातून साधारण चार वेळा जिंकते. म्हणजे पाचातून एकदा हरायचंच. तीन वेळा ओळीने हरणंही सव्वाशेतून एकदा घडतं, आणि खूप खेळणाऱ्या माणसाच्या वाट्याला सव्वाशेतली ती एक वेळ येतेच. यात कोणी काही केलेलं नसतं, आपल्या पायगुणाचाही संबंध नसतो. पण मी काय केलं? हरल्यावर दर वेळी खेळायची पद्धत बदलली. घाबरून दोन दिवस पत्ते टाकत बसलो. मग चिडून प्रत्येक पत्त्याला पैसे लावले. मग टेबल बदललं, एक-दोनवरून दोन-पाचवर गेलो, कारण गेलेले लवकर काढायचे होते. पोकर खेळणारे या चिडीला टिल्ट म्हणतात. आमच्या शॉपमध्येही हेच दिसतं.

नवा ऑपरेटर सीएनसीवर उभा राहिला की एक चूक हमखास करतो. एक जॉब दहा मायक्रॉन मोठा आला की तो लगेच दहा मायक्रॉनचा ऑफसेट मारतो, म्हणजे सेटिंग तेवढं सरकवतो. पुढचा बारीक आला की उलटा मारतो. मशीन मुळात नीट चालत असतं, थोडं इकडे-तिकडे प्रत्येक मशीन करतंच. हा मात्र दर जॉबला ढवळत राहतो आणि मापं आणखी पसरतात. शेवटी रिजेक्शनची लाल पेटी भरते. वॉल्टर शूहार्ट या अमेरिकन माणसाने 1924 साली पहिला कंट्रोल चार्ट काढला तो याचसाठी: मशीनचे रोजचे चढउतार कोणते आणि खरा बिघाड कोणता, हे डोळ्यांना वेगळं दिसावं म्हणून. मी दिवसभर लोकांना सांगायचो, अरे ऑफसेट मारू नकोस, आधी पाच जॉब बघ. आणि रात्री स्वतः तेच करायचो.

जुलैमध्ये एका दुपारी बायकोचा फोन आला. “अहो, सिलिंडरवाला दारात उभा आहे, त्याला फोनवरून पाठवा ना.” मी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा पेमेंट फेल. खात्यात 214 रुपये होते आणि महिन्याची सतरा तारीख होती. नेटवर्क नाही असं तिला सांगितलं. संध्याकाळी घरी आलो तर ती काहीच बोलली नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर जिथे दुधाचा हिशेब असतो, तिथे सतराच्या चौकटीत तिच्या अक्षरात लिहिलं होतं: काकू 810. शेजारच्या काकूंकडून घेतले होते. त्या चौकटीकडे बघत मी जेवलो, आणि भांडी आवरून झाल्यावर तिला सगळं सांगितलं.

तिने रडारड केली नाही. एकच विचारलं, “एकूण किती?”

मला सांगता येईना. हिशेबाचा खेळ म्हणून सुरू केलेल्या माणसाला एकूण आकडा माहीत नव्हता. त्या रात्री आम्ही बँकेचं स्टेटमेंट काढलं आणि वापरून झालेल्या चार्टच्या कागदांच्या पाठीवर एकेक ओळ उतरवली. भरले 1,87,400. काढले 71,200. गेले 1,16,200. हातात पडणारा माझा पगार तेव्हा सव्वीस हजार होता.

अॅपमध्ये प्रत्येक बैठकीची नोंद सापडली. 212 बैठका, त्यांपैकी 61 वेळा मी जिंकून उठलो होतो. म्हणून तर आपण जिंकू शकतो असं वाटत राहिलं. पुढच्या रविवारी मी त्या 212 टिंबांचा चार्ट काढला, शाफ्टचा काढतो तसाच. मधली रेषा शून्यावर येईल असं मनात धरून होतो. ती आली उणे 548 वर. वरची-खालची मर्यादा काढली, तर बाहेर पडलेली टिंबं फक्त तीन, तिन्ही तिसऱ्या पाळीनंतरच्या सकाळची. बाकी सगळं मर्यादेत. क्वालिटीच्या भाषेत प्रोसेस स्थिर होती, सेंटर मात्र हललेलं होतं. मी ज्याला सहा महिने “पडता काळ” म्हणत होतो, त्याची बैठकीमागची सरासरी आधीच्या महिन्यांपेक्षा फारशी वेगळी नव्हती. फरक एवढाच की जानेवारीनंतर मी जास्त वेळा बसत होतो.

नशीब फिरायची मी वाट बघत होतो, आणि फिरण्यासारखं काही नव्हतंच. पंचवीस हजारांवर डाव झाले होते. माझा खेळ कच्चा होता. शिवाय माझ्या टेबलावर प्रत्येक पॉटमधून पाचेक टक्के अॅप कापून घ्यायचं, त्याला रेक म्हणतात. टेबलावरचे सहाही जण सारखेच हुशार असले तरी रेकमुळे सगळे मिळून हरतात. त्यात 1 ऑक्टोबर 2023 पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी लागला. म्हणजे शंभर भरले की त्यातले जवळजवळ बावीस करात. अॅप बदल्यात बोनस दाखवायचं, म्हणून ते बोचायचं नाही. पोकरमध्ये काही जण खरोखर जिंकतात, हे मी नाकारत नाही. ते आधी अभ्यास करतात, प्रत्येक डावाची नोंद ठेवतात, आणि कमी रेकचं टेबल शोधतात. पाळीवरून थकून आलेला माणूस बसच्या सीटवर ते करत नसतो. कँटीनमध्ये कोणीतरी हमखास म्हणायचं, हा कौशल्याचा खेळ आहे, कोर्टानेच सांगितलंय. सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये रमीबद्दल तसं म्हटलं होतं, आणि त्याच निकालात तीन पत्तीला वेगळं काढलं होतं. पण खेळात कौशल्य असणं वेगळं आणि ते माझ्या अंगी असणं वेगळं.

नळ-दमयंतीची गोष्ट लहानपणी ऐकली होती, तेव्हा हंस लक्षात राहिला. आता बेहड्याचं झाड आठवतं. पुष्कराकडून सगळं हरलेला नळ ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. वाटेत राजा झाडाकडे नुसतं बघून त्याची पानं-फळं सांगतो. नळ रथ थांबवतो, खाली उतरतो, फळं मोजतो, मग राजाकडून फाशांची विद्या घेतो. तेव्हा कुठे कली त्याच्या अंगातून निघतो. पुढे नळ पुष्कराशी पुन्हा खेळतो आणि राज्य परत मिळवतो. एवढं ऐकून कोणी म्हणेल, बघा, हरलेलं परत येतं. पण त्यांच्या पटावर प्रत्येक डावातून पाच टक्के कापणारा तिसरा बसलेला नव्हता. मला त्या गोष्टीतला एवढाच भाग आपल्यासाठी वाटतो, की आधी रथ थांबला.

आता जो या चक्रात आहे त्याला सांगतो. मित्रा, आज रात्री खेळू नकोस, मग बाकीचं बघू. मशीन चालू ठेवून दुरुस्ती होत नाही. बँकेचं स्टेटमेंट काढ आणि कागदावर हाताने लिही, फोनवर नको. घरातल्या एका माणसाला पूर्ण आकडा सांग. अर्धा सांगितलास तर उरलेला अर्धा परत मिळवायला तू पुन्हा बसशील. मी आधी मोठ्या भावाला अर्धाच सांगितला होता आणि त्याच आठवड्यात तीन हजार घालवले. दादाला नंतर पूर्ण सांगितलं. त्याने पैसे दिले नाहीत, आणि बरं केलं. हातात रक्कम आली असती तर मी काय केलं असतं ते मला माहीत आहे. पगाराचं खातं सहा महिने बायकोच्या ताब्यात दिलं, माझ्याकडे बसपुरते आणि चहापुरते. डोक्यावरच्या कर्जांपैकी झटपट कर्जाच्या अॅपचे बारा हजार आधी फेडले, कारण व्याज तिथे सर्वांत जास्त होतं. मग मित्रांचे अठरा हजार, शेवटी पतसंस्थेचे चाळीस हजार. ओव्हरटाइम म्हणजे ओटी केली, पण तिसऱ्या पाळीनंतर लगेच झोपायचं हे ठरवलं. चार्टवरची ती तीन टिंबं मी विसरलेलो नाही.

“गेलेले तेवढे काढतो आणि सोडतो” हे वाक्य मनात आलं की समज, तू सुटलेला नाहीस. गेलेले पैसे टेबलावर ठेवलेले नसतात. ते करात गेले, रेकमध्ये गेले, अनोळखी माणसांच्या खात्यात गेले. माझे आले ते ओटीतून, हप्त्या-हप्त्याने.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, 22 तारखेला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि नेहमीच्या अॅपनी पैशांचे डाव बंद केले. कायदा खेळवणाऱ्यावर आणि जाहिरात करणाऱ्यावर आहे, खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. तेव्हा पकडले जाऊ या भीतीने कोणी मदत मागायचं टाळू नये. मला तो निर्णय योग्य वाटतो. पण माझ्या फोनवर त्यानंतरही अनोळखी नंबरवरून बाहेरच्या साइटच्या लिंका आल्या, आणि खोल्यांमधले रोखीचे डाव तर कुठल्याच अॅपवर नव्हते. बंदीने दार लागतं, सवय आतच राहते. जुगाराची सवय हा आजार आहे हे मानसोपचारात आता मान्य आहे, दारूसारखाच, आणि त्यावर उपचार आहेत.

पतसंस्थेचा शेवटचा हप्ता मी ऑक्टोबर 2025 मध्ये भरला. चार्टचा तो कागद अजून कपाटात आहे. ज्याला बोलायला घरात कोणी नाही त्याने 14416 लावावा. सरकारची टेलि-मानस ही मदतसेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, आणि तो नंबर चोवीस तास चालू असतो, तिसरी पाळी सुटल्यावरही.