हरमलचे घर: करारात डिसेंबर लिहून घ्या

गोव्याच्या किनाऱ्यावरच्या हरमलमध्ये एकाच घराला वर्षाची दोन भाडी असतात. पावसाळ्यातले एक, आणि ऑक्टोबरपासून पुढचे दुसरे. नाताळ ते नवे वर्ष या दिवसांत तर दुसऱ्यालाही धरबंध राहत नाही. पर्यटकाला याचे काही देणेघेणे नसते. तो येतो, मागतील तेवढे देतो आणि जातो. पंचाईत होते ती नोकरीधंद्यासाठी बारा महिने राहायला येणाऱ्याची. मोपाचा विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून पेडणे तालुक्यात अशी माणसे वाढली आहेत.

मी डिचोलीची. मांद्र्यातल्या एका हॉटेलात हिशेबाचे काम मिळाले आणि भर पावसात रोज स्कूटरवरून जा-ये करणे जमेना, म्हणून हरमलमध्ये घर घेतले. बाजाराच्या रस्त्यापासून आत, पहिल्या मजल्यावर. एक बेडरूम, हॉल, किचन. सोफा, डबल बेड, एसी, फ्रिज, वॉशिंग मशीन, सगळे तयार. भाडे 15,000, अनामत दोन महिन्यांची, नोटरीकडे केलेला अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार. घरधनीण गोड स्वभावाची, आल्या दिवशी मला सोलकढी आणून देणारी. पण सप्टेंबर संपत आला तसा तिचा भाचा दारात उभा. "बाय, आता सीझन सुरू जातलो." म्हणजे भाडे तिप्पट करा, नाहीतर महिन्याभरात घर रिकामे करा.

अकरा महिन्यांच्या कराराचे काय, असे मी विचारले. त्याने शांतपणे शेवटून दुसरे कलम दाखवले: दोघांपैकी कोणीही एक महिन्याची सूचना देऊन करार संपवू शकतो. टायपिस्टकडच्या तयार मसुद्यात हे कलम असतेच, आणि भाडेकरूलाही ते सोयीचे वाटते, कारण नोकरी सुटली तर आपल्यालाही निघता येते. सीझनच्या गावात मात्र ते एकाच बाजूला झुकते. तुम्हाला निघायची घाई क्वचित होते, मालकाला दर ऑक्टोबरला होते. त्यातून लायसन्स म्हणजे कायद्याने फक्त राहण्याची परवानगी. घरावर हक्क देणारा भाडेपट्टा तो नव्हे. म्हणून करारात लॉक-इनचे कलम मागा: मालक 31 मेपर्यंत घर रिकामे करायला सांगणार नाही आणि भाडेही वाढवणार नाही. मालक म्हणेल, मग तुम्हीही बांधले जाल. जाऊ द्या. पावसाळ्यात रिकामे राहणारे घर तुम्ही घेताय, हीच तुमची सौदा करण्याची ताकद आहे, आणि ती किल्ली हातात येईपर्यंतच टिकते. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा असेल तर 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे त्याची नोंदणी लागते. अकरा महिन्यांची प्रथा पडली ती त्यामुळेच. महाराष्ट्रातून येणाऱ्यांना, तिकडे लीव्ह अँड लायसन्सचीही नोंदणी सक्तीची असल्याने, नोटरीचा कागद पाहून थोडे चुकल्याचुकल्यासारखे वाटते.

आता फर्निचर. फर्निश्ड घराचे जादा भाडे आपण सोयीसाठी देतो, पण किनाऱ्यावर त्या सोयीची राखणही आपल्याच गळ्यात पडते. खाऱ्या वाऱ्याने एसीच्या बाहेरच्या युनिटला गंज चढतो, फ्रिजच्या पायांना चढतो, गॅसच्या शेगडीला तर विचारूच नका. आणि पावसाळ्यातली बुरशी! गणेश चवथीला घर बंद करून डिचोलीला गेले आणि परतले तर सोफ्याच्या पाठीवर पांढरट-हिरवी साय धरलेली. आमच्याकडे जुन्या घरांत कपाटात पिवळा बल्ब पेटता ठेवतात तो उगाच नाही. शेवटी मी ते घर सोडले तेव्हा त्या सोफ्याची नव्याची किंमत अनामतीतून कापायची असा भाच्याचा हिशेब होता. माझ्याकडे मात्र राहायला आल्या दिवशीचे फोटो होते, सोफा भिंतीपासून ओढून काढलेले. मागच्या भिंतीवर ओलीचा नकाशा तेव्हाही होताच. फोटो पाहिल्यावर घरधनिणीनेच भाच्याला गप्प केले आणि बरीचशी अनामत परत मिळाली.

तेव्हा सामानाची यादी कराराला जोडा, पण "सोफा 1, एसी 1" अशी यादी काही कामाची नाही. गादी किती जुनी, एसीची सर्व्हिसिंग शेवटची कधी झाली, गिझर चालतो का, मायक्रोवेव्हची काच तडकलेली आहे का, हे लिहून दोघांच्या सह्या घ्या. गंज, ओल आणि नेहमीची झीज मालकाची, तोडफोड आपली, हे एक वाक्य त्यात असावे. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती ठेवली आहे. तो राज्याने स्वीकारल्याखेरीज लागू होत नाही, तरी बोलणी करताना दाखवायला बरा.

फर्निचरपेक्षाही मोठी गोष्ट इमारतीची. हरमलच्या गिरकरवाड्यात समुद्राला लागून उभ्या राहिलेल्या विनापरवाना बांधकामांचे प्रकरण उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेले आणि कितीतरी इमारतींना टाळे लागले. टाळे लावायला आलेला माणूस आत भाडेकरूचे कपडे आहेत की मालकाचे हे पाहत नाही. म्हणून घरपट्टीची पावती आणि पंचायतीचा ऑक्युपन्सी दाखला मागा. वीजबिल स्वतः वाचा: जोडणी घरगुती, व्यावसायिक की तात्पुरती, हे त्यावर असते. नव्या चकचकीत इमारतीला तात्पुरती जोडणी दिसली तर पुढचे प्रश्न विचारा. बिलावरचे नाव आणि करार करणाऱ्याचे नाव वेगळे असेल तरीही विचारा. गोव्यात घर बहुधा भावंडांच्या सामाईक नावावर असते, एक इथे, एक कुवेतला, एक पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनला. इथल्याने दिलेला शब्द लंडनच्याने मे महिन्यात येऊन मोडू नये, एवढ्यासाठी बाकीच्यांचे संमतीपत्र हवे.

पोलिसांकडे भाडेकरू पडताळणीचा अर्ज मालकाने द्यायचा असतो. "कशाला ती कटकट" म्हणणारा मालक तुम्हाला कागदावर आणू इच्छित नाही असे समजा. जोडीदार परदेशी असेल तर त्याच्या मुक्कामाची माहिती 24 तासांच्या आत कळवणेही मालकाचेच काम.

विजेचे पैसे वीज खात्याच्या बिलाप्रमाणे द्यायचे की सबमीटरवर मालकाने ठरवलेल्या दराने, हे आधी बोला, कारण एसीच्या महिन्यांत फरक चांगलाच जाणवतो. पाण्याचेही तसेच. पेडण्याला चांदेलच्या प्रकल्पातून नळाचे पाणी येते, आणि ते बंद पडले की टँकर. टँकरचे पैसे कोण देणार? विहीर असेल तर मे महिन्यात तिला किती पाणी राहते ते शेजारणीला विचारा, मालकाला नको.

घर पाहायला ऑगस्टमध्ये जा. भिंत कुठे ओली आहे, छप्पर कुठे गळते, इन्व्हर्टर किती वेळ टिकतो, सगळे तेव्हाच दिसते. संगीताचा दणका मात्र तेव्हा कळत नाही. त्यासाठी जवळच्या दुकानदाराला जानेवारीतल्या शनिवारच्या रात्रीबद्दल विचारावे लागते. मी आता कोरगावात राहते. घर रिकामे घेतले, गादी आणि फ्रिज माझे, आणि करारात 31 मेपर्यंतचे लॉक-इन. मालकाने सही करण्यापूर्वी ते कलम दोनदा वाचले, मग हसून म्हणाला, हरमलला राहिलेली दिसतेस.