मोबाईलमधील बँक आणि आपली सही

पूर्वी बँकेतून पैसे काढावयाचे म्हणजे पासबुक आणि स्लिप घेऊन खिडकीपुढे उभे राहावे लागे. कारकून सही ताडून पाही व मगच पैसे हाती पडत. २०१६ साली ‘यूपीआय’ पद्धत सुरू झाली आणि आज भाजीच्या हातगाडीवरही मोबाईलवरून पैसे दिले जातात. खिडकी गेली, सही मात्र गेलेली नाही. चार किंवा सहा आकड्यांचा पिन हीच आता आपली सही होय.

या व्यवहाराला दोन कुलपे असतात. बँकेत नोंदवलेल्या क्रमांकाचे सिमकार्ड त्याच मोबाईलमध्ये असावे लागते, हे पहिले. पिन हे दुसरे. ही दोन्ही फोडणे अवघड असल्यामुळे चोर मालकालाच दार उघडावयास लावतो. त्याचे मुख्य मार्ग तीन.

पहिला, ‘पैसे जमा करतो, पिन टाका’ असे सांगणे. वास्तविक पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना पिन लागतो; पैसे घेताना तो कधीच लागत नाही. एका व्यक्तीने दुसरीकडे यूपीआयवरून पैशांची मागणी पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. तरी क्यूआर कोड पाठवून हाच डाव खेळता येतो. दुसरा, वीजबिल वा ‘केवायसी’च्या नावाखाली एखादे ॲप उतरवून घ्यावयास लावणे. अशा ॲपमधून आपले संदेश, त्यांतील ओटीपीसह, चोराला वाचता येतात. तिसरा, आपल्या क्रमांकाचे दुसरे सिमकार्ड मिळवणे. मोबाईलची रेंज एकाएकी जाऊन बराच वेळ परत आली नाही, तर कंपनीकडे ताबडतोब चौकशी करावी.

रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने या बाबतीत महत्त्वाचा भेद केला. दोष बँकेचाही नाही व ग्राहकाचाही नाही, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर तोशीस नाही. परंतु त्याने स्वतःच पिन सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. म्हणून फसलो असे वाटताच, लाज न धरता, बँकेला कळवावे आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

आता आपल्या घरांकडे पाहू. अनेक घरांत वडिलांचा, आजीचा पिन कॉलेजात जाणाऱ्या मुलालाच पाठ असतो. ‘तूच टाक बाबा, मला काही कळत नाही,’ असे ती माणसे म्हणतात आणि आपणही घाईने टाकून मोकळे होतो. काम होते खरे. परंतु पिन ही दुसऱ्याला सांगण्याची गोष्ट आहे, असाच धडा त्यांना मिळतो. मग उद्या फोनवर कोणी गोड बोलून तो विचारला, तर त्यांनी नाही का म्हणावे?

अंगठ्यावरून सहीवर येण्यासाठी आपल्या वडीलधाऱ्यांना कष्ट पडले. ती सही आता आपल्या हाती ठेवून त्यांनी पुन्हा परावलंबी व्हावे, हे योग्य नव्हे. दोन-चार वेळा शेजारी बसून, न चिडता, त्यांचा पिन त्यांनाच टाकू द्यावा आणि आपण तोंड फिरवावे. शिकलेल्या मुलाने घरासाठी एवढे करावयास हवे.