घराचा पाया




सूरह अन-नहलच्या ८०व्या आयतीत अल्लाह आपल्या देणग्यांची आठवण करून देताना घराचा उल्लेख करतो. त्याने आपली घरे आपल्यासाठी ‘सकन’ बनविली, असा तिचा आशय आहे. ‘सकन’ म्हणजे जिथे जीव निवतो ती जागा. आपल्या घरांत रोज उच्चारला जाणारा ‘सुकून’ हा शब्द याच धातूपासून आला आहे. घर पाहताना चौरस फुटांच्या आधी काय मोजावे, ते या एका शब्दात आले.

मुंबईच्या चाळींतून आणि मुंब्रा-कौसाच्या दाटीतून अनेक कुटुंबे या सुकूनच्या शोधात शीळफाट्याकडे येत आहेत. जुना मुंबई-पुणे रस्ता, कल्याण-शीळ रस्ता आणि महापेकडून येणारा रस्ता जिथे मिळतात, त्या नाक्यावर रात्रंदिवस वाहनांची गर्दी असते. आत वळले की मात्र डोंगराचा वारा आणि नवी संकुले. असे घर घेताना शरीअतने आपल्यासमोर कोणत्या कसोट्या ठेवल्या आहेत, याचा आज विचार करू.

१. दूरच्या वस्तीत राहणे

“तिथून मशीद लांब पडते, जावे का?” हा प्रश्न हमखास येतो. मदीनेच्या कडेला राहणाऱ्या बनू सलमा या कबिल्याने मस्जिद-ए-नबवीजवळ स्थलांतर करण्याचे ठरविले होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना आपल्या घरीच राहण्यास सांगितले आणि मशिदीकडे टाकलेले प्रत्येक पाऊल नोंदले जाते, अशी शुभवार्ता दिली. शहराची कड ओस पडावी, हे त्यांना पसंत नव्हते. तेव्हा शांत उपनगरात राहणे हे दीनपासून दूर जाणे नव्हे. चालणारी पावले मात्र थांबता कामा नयेत.

२. दुसऱ्याच्या जमिनीवरचे छत

४ एप्रिल २०१३ ची संध्याकाळ या परिसरातील कोणी विसरू शकत नाही. शीळफाट्याच्या लकी कंपाऊंडमधील सात मजली इमारत कोसळली आणि ७४ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत लहान मुलेही होती. इमारत वनजमिनीवर, परवानगीशिवाय, अवघ्या काही आठवड्यांत उभी राहिली होती. वर मजले चढत होते आणि खालच्या मजल्यांवर कुटुंबे राहत होती. पुढे बिल्डरांसोबत महापालिकेचे काही अधिकारी व पोलीसही अटकेत गेले.

सूरह अत-तौबाच्या १०९व्या आयतीत अल्लाहने दोन इमारतींची तुलना केली आहे. एकीचा पाया ईशभय आहे, तर दुसरी ढासळत्या कड्याच्या टोकावर उभी आहे आणि आपल्या बांधणाऱ्याला घेऊन नरकाग्नीत कोसळते. हजरत सईद बिन जैद (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. जो वीतभर जमीन अन्यायाने घेईल, त्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचे जोखड पडेल, असा तिचा आशय आहे. वनजमीन कोणा एकाची नसते, ती सर्वांची असते. ती बळकावणाऱ्याचे तक्रारदारही मग सर्वच ठरतात.

३. व्याज टाळले, पण धोका?

आता एका नाजूक गोष्टीकडे वळू. व्याज हराम आहे, म्हणून आपली अनेक माणसे बँकेच्या दाराशी जात नाहीत. ही निष्ठा वंदनीय आहे. परंतु नेमका तिचाच फायदा उठविला जातो. “कर्ज नको, व्याज नको, थेट आम्हाला हप्ते द्या” असे सांगून बेकायदा इमारतीतील खोल्या विकल्या जातात. अशा इमारतीवर बँक कर्ज देतच नाही, हे मात्र सांगितले जात नाही.

या बाबतीत माझ्याकडून चूक झाली आहे. काही वर्षांपूर्वी एक नमाजी बांधव अशाच खोलीविषयी विचारायला आले. मी एकच विचारले, “व्याज आहे का?” “नाही,” म्हणाले. मी मुबारकबाद दिली. इमारतीचे कागद कसे आहेत, हे विचारण्याचे मला सुचले नाही. दोन वर्षांनी ते इमारत रिकामी करण्याची नोटीस घेऊन आले. पत्नीचे दागिने त्या खोलीत गेले होते. त्यांनी मला दोष दिला नाही. पण माझे उत्तर अर्धे होते, आणि अर्ध्या उत्तराचा हिशेब मला द्यावा लागेल.

व्याजाप्रमाणेच ‘गरर’, म्हणजे ज्याचा भरवसा नाही असा अंधारातील व्यवहार, हाही निषिद्ध आहे. एका हरामपासून पळताना दुसऱ्यात पाय टाकू नये. पैसे पुरत नसतील तर भाड्याच्या घरात थांबावे, त्यात कमीपणा नाही. नातलगांनी कर्ज-ए-हसना देऊन हात द्यावा, आणि वित्ताचा प्रश्न जाणत्या मुफ्तींपुढे कागदांसह ठेवावा.

४. पाहणे, विचारणे, लिहिणे

शाफिई पंथात, जो कोकणातील मुसलमानांत प्रचलित आहे, न पाहिलेल्या वस्तूची विक्री ग्राह्य नाही. हनफी पंथात ती ग्राह्य आहे, परंतु पाहिल्यावर नाकारण्याचा अधिकार खरेदीदाराकडे राहतो. दोन्ही इमामांचा रोख एकच: डोळे झाकून घेऊ नका. बाजारातील धान्याच्या राशीत हात घालून प्रेषितांनी (स.) आतला ओलावा बाहेर काढला होता आणि फसविणाऱ्याशी आपले नाते तोडले होते. आपणही राशीत हात घालावा.

तो असा: जमिनीचा सातबारा व फेरफार पाहावेत. वकिलाकडून सर्च रिपोर्ट घ्यावा. बांधकाम परवानगी आणि तयार इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र मागावे. २०१७ पासून राज्यात महारेरा आहे. नव्या प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक तिच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. नोंदणीकृत करारापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास कायद्याने मनाई आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे दस्त नोंदणी नव्हे.

“आपल्याच माणसाकडे कागद काय मागायचा?” असे म्हणू नका. कुरआनची सर्वांत दीर्घ आयत, सूरह अल-बकराची २८२वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी व साक्षीदारांविषयी आहे. कागद मागणे हा अविश्वास असता, तर अल्लाहने तो शिकविला नसता.

५. आधी शेजारी

हजरत अबू राफे (रजि.) यांना आपल्या जागेचे ५०० दीनार मिळत होते. तरी त्यांनी ती शेजारी हजरत साद (रजि.) यांना हप्त्यांनी ४,००० दिरहमांत, कमी मोलात दिली, कारण शेजाऱ्याचा हक्क अधिक आहे, हे त्यांनी प्रेषितांकडून (स.) ऐकले होते. ही हकीकत बुखारीत आहे. आपल्याकडे मात्र दर वाढेल या आशेने घर घेतले जाते आणि शेजाऱ्याचे नावही माहीत नसते. सूरह अन-निसाच्या ३६व्या आयतीत नात्यातला शेजारी आला, तसाच परकाही आला. नव्या संकुलात जिन्यातील चपला, गाडीची जागा, रात्रीचा आवाज, टाकीतील पाणी यांतच त्या आयतीची परीक्षा आहे. शांत वस्ती विकत मिळत नाही. तिथे राहणाऱ्यांना ती घडवावी लागते.

घर पसंत पडले, कागद पाहून झाले, की दोन रकात इस्तिखाराची नमाज अदा करावी. कागद न पाहता केलेला इस्तिखारा म्हणजे उंट न बांधता केलेला भरवसा.

हे अल्लाह, त्या संध्याकाळी ढिगाऱ्याखाली गेलेल्यांवर दया कर. आम्हाला हलाल जमिनीवरचे, सुरक्षित छताचे आणि सज्जन शेजाराचे घर दे, आणि विचारणाऱ्याला पूर्ण उत्तर देण्याची सद्बुद्धी दे. आमीन.