अय्यंगार पद्धतीचा योगवर्ग : काय अपेक्षावे, काय अपेक्षू नये

चिखली तालुक्यातील उंद्री येथे योगविषयक चर्चा चालू असताना एका पंचायत सदस्या भगिनीने सरळ प्रश्न केला : "आमच्या बाया दिवसभर वाकूनच असतात. निंदणाला वाकतात, वेचणीला वाकतात, सोंगणीला वाकतात. त्यांना आणखी वाकायला कशाला शिकवता?" उपस्थितांपैकी काहींनी या प्रश्नाकडे विनोद म्हणून पाहिले. वास्तविक तो सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होता. गावात योगवर्ग सुरू करू इच्छिणाऱ्या शिक्षकाने अथवा ग्रामपंचायतीने प्रथम त्याचेच उत्तर शोधावयास हवे. प्रस्तुत लेखात पुण्यात विकसित झालेल्या अय्यंगार पद्धतीच्या संदर्भात ते शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

योग म्हटला की सर्व आसनवर्ग सारखेच, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. लोणावळ्याच्या कैवल्यधाममध्ये स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत तपासण्याची परंपरा निर्माण केली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने योगाला व्यायामशाळेच्या परंपरेत स्थान दिले. पुण्यातील पद्धती या दोहोंहून निराळी आहे. तिचा भर आहे तो आसनातील अचूक मांडणीवर आणि त्या मांडणीसाठी घेतलेल्या साधनांच्या आधारावर.

या पद्धतीचे प्रवर्तक बी. के. एस. अय्यंगार यांचा जन्म १४ डिसेंबर १९१८ रोजी कर्नाटकातील बेल्लूर येथे झाला. इन्फ्लुएंझाच्या साथीचा तो काळ होता. बालपण दुखण्यांतच गेले. म्हैसूर येथे आपले मेहुणे टी. कृष्णम्माचार्य यांच्याकडे ते योग शिकले आणि १९३७ साली, वयाची विशीही ओलांडलेली नसताना, शिकविण्यासाठी पुण्यात आले. मुक्काम काही महिन्यांचाच ठरला होता. प्रत्यक्षात २० ऑगस्ट २०१४ रोजी निधन होईपर्यंत पुणे हीच त्यांची कर्मभूमी राहिली. १९५२ साली मुंबईत व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांच्याशी त्यांची भेट झाली व त्यानंतर ही पद्धती युरोपात पोहोचली. बेल्जियमच्या राणी एलिझाबेथ यांना तर त्यांनी वयाच्या ऐंशीनंतर शीर्षासन शिकविले. (ग्रामीण वाचकांनी हे उदाहरण अनुकरणासाठी घेऊ नये, राणीसमोर स्वतः अय्यंगार उभे होते.) १९६६ साली त्यांचा 'लाइट ऑन योगा' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पत्नीच्या स्मरणार्थ उभारलेली रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्था पुण्यात १९७५ साली सुरू झाली. त्यांच्या कन्या गीता अय्यंगार यांनी स्त्रियांच्या योगाभ्यासाचा विशेष विचार केला; २०१८ मध्ये त्यांचेही निधन झाले.

स्वतः दुर्बल शरीराने आरंभ केल्यामुळेच की काय, जे शरीर वाकत नाही त्याने काय करावे, हा प्रश्न अय्यंगारांनी गांभीर्याने घेतला. हात जमिनीला पोहोचत नसेल तर हाताखाली लाकडी वीट द्यावी. पाय धरता येत नसेल तर पट्टा द्यावा. पाठ टेकत नसेल तर लोड द्यावा. तोल जात असेल तर भिंत द्यावी. आधार घेणे म्हणजे कमीपणा, ही आपल्याकडील जुनी समजूत या पद्धतीने मोडीत काढली. साठीचा गुडघेदुखीचा रुग्ण आणि विशीतील तरुण एकाच वर्गात एकच आसन करतात. एक खुर्ची धरून, दुसरा मोकळेपणी.

प्रथमच वर्गाला जाणाऱ्यास काही गोष्टी अनपेक्षित वाटतात. पतंजलींच्या वंदनेनंतर ध्यानधारणेऐवजी थेट उभे राहण्याचाच पाठ सुरू होतो. ताडासन म्हणजे नुसते उभे राहणे. त्यात काय शिकायचे, असे मनात येते. शिक्षक मात्र टाचेवर भार किती, चवड्यावर किती, गुडघ्याची वाटी वर ओढली आहे काय, खांदे कानांकडे चढले आहेत काय, हे एकेक पाहत राहतो. पुढे वृक्षासन, उत्थित त्रिकोणासन, वीरभद्रासन, पार्श्वकोनासन. सूचना अखंड चालू असतात. शिक्षक आधी करून दाखवितो, मग करवून घेतो, चुकल्यास थांबवून पुन्हा करवितो. आवाज कधी करडाही होतो. दुसऱ्या दिवशी मांड्या व पोटऱ्या दुखतात. घामाघूम होण्याची अपेक्षा ठेवून आलेला तरुण "नुसते उभेच केले" म्हणून नाराज होतो. "शांत बसायला मिळेल" म्हणून आलेला प्रौढ पाय थरथरतात म्हणून. दोघांनीही निदान दोन-तीन महिने धीर धरावा.

पुण्याच्या संस्थेत महिन्याची आखणीही ठरलेली असते. सर्वसाधारणपणे पहिल्या आठवड्यात उभ्याची आसने, दुसऱ्यात पुढे वाकण्याची, तिसऱ्यात मागे वळण्याची आणि अखेरच्या आठवड्यात विश्रांतीची आसने व प्राणायाम असा क्रम असतो. नवशिक्याला प्राणायाम घाईने शिकवीत नाहीत. शिकविला तरी आडवे झोपून, छातीखाली आधार देऊन, साध्या श्वासाच्या निरीक्षणापासून. गावोगावच्या शिबिरांत पहिल्याच सकाळी जोरजोराने श्वास सोडावयास लावतात, त्याच्याशी तुलना केली असता हा संथपणा शहाणपणाचा वाटतो. सर्वांगासनातही खांद्यांखाली घडी घातलेल्या घोंगड्यांचा थर देतात व डोके खाली जमिनीवर ठेवतात, जेणेकरून मान दबू नये. स्त्रियांना मासिक पाळीच्या दिवसांत उलटी आसने न देता निराळा क्रम देतात. वर्ग रिकाम्या पोटी करावयाचा असतो आणि शेवटी शवासन असतेच.

शीर्षासनाविषयी दोन शब्द स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे. प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी एका शिबिरात इतरांचे पाहून शीर्षासनाचा प्रयत्न केला आणि पुढील आठ दिवस मान वळविता येत नव्हती. दोष आसनाचा नव्हता. पूर्वतयारी नसताना ते करण्याचा होता. ज्यांना उच्च रक्तदाब आहे, काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा विकार आहे, मानेचे दुखणे आहे, त्यांनी या आसनाच्या वाटेस जाऊ नये. गर्भवती भगिनींनी व नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी वर्गात येण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा आणि शिक्षकाला आधी सांगावे. न सांगता मागच्या रांगेत उभे राहणारे पुष्कळ असतात.

गुण किती येतो? दीर्घकाळच्या कंबरदुखीवर योगाचा उपयोग होतो काय, याचा अभ्यास अनेक देशांत झाला असून त्यांपैकी पुष्कळ प्रयोगांत अय्यंगार पद्धतीच वापरली गेली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत असे आढळले की, व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत योग करणाऱ्यांच्या हालचालीत तीन ते सहा महिन्यांत अल्प ते मध्यम सुधारणा झाली. काहींचे दुखणे मात्र वाढलेही. त्याच वर्षी अमेरिकेतील वैद्यांच्या एका प्रमुख संघटनेने अशा कंबरदुखीवरील औषधाविना उपायांत योगाचा समावेश केला. म्हणजे लाभ आहे, पण माफक आहे. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या बंद करण्याचे आश्वासन देणाऱ्या शिक्षकास पंचायतीने सभागृह देऊ नये. गोळी चालू ठेवून आसने करावीत. मात्रेत बदल डॉक्टरच करतील.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे वळू. निंदणात पाठ कमानीसारखी गोल करून तासन् तास वाकावे लागते. भार कण्याच्या खालच्या भागावर येतो. या वर्गात पुढे वाकणे शिकवितात ते खुब्यापासून, पाठ लांब ठेवून. आरंभी तर जमिनीपर्यंत वाकवीतही नाहीत. भिंतीवर कंबरेच्या उंचीला तळहात टेकवून, पाय मागे घेत, धड जमिनीशी समांतर करणे एवढेच. दिवसभर गोल राहिलेली पाठ येथे लांब होते. त्यानंतर लोडावर पाठ टेकून छाती उघडणे आणि पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवून पडून राहणे. वेचणी करून आलेल्या बाईसाठी हा पाऊण तासाचा क्रम वाकण्याचा नव्हे, वाकणे उतरविण्याचा आहे. अर्थात मजुरीचे तास, पाण्याची खेप आणि चूल यांचा भार कोणतेही आसन कमी करीत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

साधनांसाठी मोठा खर्च येत नाही. घरची वाकळ घट्ट घडी घातल्यास घोंगडीचे काम करते. खाटेची निवार पट्ट्यासारखी वापरता येते. भाजलेल्या विटेवर कापड शिवून घ्यावे. खुर्ची शाळेतील लोखंडी घडीची असावी. प्लास्टिकची खुर्ची फरशीवर सरकते. सतरंजीवर उभ्याची आसने करू नयेत, पाय घसरतो. उघडी फरशी बरी. भिंतीतील कड्यांना दोर बांधून करावयाची आसने मात्र गावात आणू नयेत. जुन्या भिंतीतील कडी निसटल्यास इजा गंभीर होते.

खरी अडचण शिक्षकाची आहे. या पद्धतीत अनेक वर्षांच्या अभ्यासानंतर परीक्षा देऊनच शिकविण्याचे प्रमाणपत्र मिळते व असे शिक्षक बहुतांशी शहरांत आहेत. पुस्तक पाहून शाळाशिक्षकाने ताडासन, वृक्षासन, भिंतीवरील अर्ध उत्तानासन व शवासन एवढे शिकविण्यास हरकत नाही. त्यापुढे जाऊ नये. शिक्षकाने सुटीत काही आठवडे प्रमाणित वर्गात स्वतः विद्यार्थी म्हणून काढले, तर पुष्कळ फरक पडेल.

वेळेचाही विचार व्हावा. संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २०१४ मध्ये ठराव केल्यापासून, म्हणजे २०१५ पासून, २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे तो मृगाच्या पेरणीच्या धांदलीत येतो आणि उन्हाळ्यामुळे विदर्भातील शाळा त्या सुमारास पुष्कळदा उघडलेल्याही नसतात. त्यामुळे पटांगणावर अधिकारी व कर्मचारीच अधिक दिसतात. उंद्रीसारख्या गावी वर्ग घ्यावयाचा तर हरभरा-तूर घरात आल्यानंतर, होळी ते मृग या अवधीत, सायंकाळच्या स्वयंपाकापूर्वी घ्यावा. सकाळी सहाची वेळ पुरुषांनी ठरविलेली असते. त्या वेळी बाया नळावर असतात.