हजार मैलांची शर्यत

शर्यत म्हटली की आखलेले मैदान, चुन्याची पांढरी रेघ आणि हाती शिटी घेतलेले पंच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. धावणाऱ्याने रेघेच्या आत राहावे आणि पाहणाऱ्याने बाहेर, हा तेथील पहिला नियम. परंतु इटली देशात एके काळी अशी एक मोटार-शर्यत भरत असे की जिला मैदानच नव्हते. गावोगावचा, नित्याच्या रहदारीचा रस्ता हेच तिचे मैदान आणि रस्त्याच्या कडेला दाटीवाटीने उभी राहिलेली माणसे हेच तिचे कुंपण. १९२७ ते १९५७ या तीस वर्षांत ती २४ वेळा झाली आणि मग कायमची बंद पडली. ती का सुरू झाली आणि का थांबली, हे समजून घेण्यासारखे आहे.

या शर्यतीचे नाव ‘मिल्ले मील्या’, म्हणजे ‘हजार मैल’. विद्यार्थिमित्रांनो, या नावात भाषेची एक गंमत दडली आहे. ‘मिल्ले’ म्हणजे हजार. प्राचीन रोमन सैनिकांची हजार पावले, म्हणजे डाव्या-उजव्या पायाच्या हजार जोड्या, झाली की तेवढ्या अंतरास ते ‘मिल्ले पासूस’ म्हणत. त्यातूनच पुढे इंग्रजीच्या वाटेने आपला ‘मैल’ हा शब्द आला. म्हणजे ‘हजार मैल’ म्हणताना आपण एका अर्थी ‘हजार’ हा शब्द दोनदा उच्चारतो!

जन्मकथा

उत्तर इटलीत ब्रेशा नावाचे शहर आहे. १९२१ साली इटलीची पहिली ‘ग्रां प्री’ शर्यत या शहराजवळच्या माँतिक्यारी येथे झाली. परंतु पुढच्याच वर्षी मिलानजवळ मोंझा येथे खास शर्यतीसाठी नवा मार्ग बांधला गेला आणि तो मान ब्रेशाच्या हातून निसटला. हे शल्य ब्रेशाच्या मंडळींना बोचत राहिले. अखेर आयमो माज्जी, फ्रान्को मात्सोत्ती, रेन्झो कास्तान्येतो आणि पत्रकार ज्योव्हान्नी कानेस्त्रिनी या चौघांनी एक धाडसी बेत योजला. बांधीव मार्ग नसेल तर न का असेना, ब्रेशाहून निघावे, राजधानी रोम गाठावी आणि पुन्हा ब्रेशास परतावे! हे अंतर सुमारे १,६०० किलोमीटर, म्हणजेच हजार मैल भरले. मुंबईहून पणजीला जाऊन परत मुंबईला आल्यावरही यातले सुमारे ४०० किलोमीटर शिल्लक राहतील, यावरून त्याची कल्पना यावी.

२६ मार्च १९२७ रोजी पहिली शर्यत सुरू झाली. मिनोया आणि मोरांदी या जोडीने ब्रेशातच बनलेली ‘ओ. एम.’ मोटार हाकून ती जिंकली. त्यांना २१ तास आणि सुमारे ५ मिनिटे लागली. सरासरी वेग ताशी ७७ किलोमीटर पडला. त्या काळच्या धुळीच्या व खडबडीत रस्त्यांवर हा पराक्रमच होता. आपल्या शहरात घडलेल्या गाडीनेच विजय मिळवावा, यापरते ब्रेशाकरांना आणखी काय हवे होते?

लोकांची शर्यत

ही शर्यत पाहण्यास तिकीट लागत नसे. गाडी आपल्या दारावरून जाणार, तेव्हा उंबरठा ओलांडला की पुरे. बोलोन्या, फ्लॉरेन्स, रोम अशी शहरे, त्यांमधली खेडी आणि आपेन्नीन पर्वतातील घाट यांतून गाड्या धावत. सर्व गाड्या एकदम न सोडता ठरावीक अंतराने सोडल्या जात. लहान, मंद गाड्या आधी निघत आणि बलाढ्य गाड्या मागाहून. पुढे पुढे तर गाडीवरील क्रमांक हीच तिची सुटण्याची वेळ असे. १९५५ साली सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी निघालेल्या गाडीवर ७२२ हा आकडा होता.

ती गाडी मर्सिडीझची होती आणि चालक होता स्टर्लिंग मॉस हा इंग्रज तरुण. त्याच्या शेजारी डेनिस जेन्किन्सन हा पत्रकार बसला होता. सारा मार्ग आधी फिरून पाहून त्याने प्रत्येक वळणाची टिपणे एका लांबलचक कागदाच्या गुंडाळीवर लिहून ठेवली होती. इंजिनाच्या आवाजात बोलणे ऐकू येणे शक्य नव्हते, म्हणून गुंडाळी उलगडत तो हाताच्या खुणांनी मॉसला पुढची वाट सांगत होता. त्यांनी १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत शर्यत जिंकली. सरासरी वेग ताशी १५७ किलोमीटरांहून अधिक होता. हा विक्रम पुढे कोणी मोडू शकले नाही. उत्तम पूर्वतयारीचे असे उदाहरण क्वचितच सापडेल.

वेगाचे गणित

आता थोडे थांबून हे आकडे शेजारी शेजारी मांडा. १९२७ चा वेग ७७, १९५५ चा १५७. अठ्ठावीस वर्षांत वेग दुप्पट झाला. पदार्थविज्ञान सांगते की वेग दुप्पट झाला की गतीची ऊर्जा चौपट होते, आणि तेवढ्याच जोराने ब्रेक दाबला तरी गाडी थांबण्यास चौपट अंतर लागते. येथे तर ही सरासरी होती. सरळ रस्त्यावर गाड्या ताशी २०० किलोमीटरांच्याही पुढे जात. रस्ते मात्र गावांच्या मधूनच जात होते आणि माणसे पूर्वीप्रमाणेच कडेला उभी राहत होती.

धोक्याची सूचना पूर्वीच मिळाली होती. १९३८ साली बोलोन्या येथे एक गाडी गर्दीत घुसून दहा प्रेक्षक ठार झाले. त्यांत सात मुले होती. तेव्हा शर्यतीवर बंदी आली. १९४० साली एका आखूड त्रिकोणी मार्गावर तेवढी ती भरली. महायुद्ध संपल्यावर १९४७ साली ती पुन्हा रोमपर्यंत धावू लागली, आणि जुनी आठवण पुसट झाली.

१२ मे १९५७ रोजी शेवट समीप आला. आल्फोन्सो दे पोर्तागो हा २८ वर्षांचा स्पॅनिश उमराव आणि त्याचा सहकारी एडमंड नेल्सन यांची फेरारी गाडी ब्रेशाकडे परतत होती. ग्विदित्सोलो या गावाजवळ सरळ रस्त्यावर भरवेगात तिचा टायर फुटला. गाडी उसळून लोकांत गेली. ते दोघे आणि नऊ प्रेक्षक प्राणास मुकले. त्या नऊांपैकी पाच मुले होती. शर्यत जिंकली पिएरो तारुफी या पन्नास वर्षांच्या चालकाने. अनेक वर्षांच्या प्रयत्नांनंतर त्याला हा विजय लाभला होता. त्यानंतर सरकारने सार्वजनिक रस्त्यांवरील अशा शर्यतींना मनाई केली. एन्झो फेरारी यांच्यावर टायरांच्या प्रश्नावरून खटला चालला आणि १९६१ साली ते निर्दोष सुटले.

बोध

साहस हा तरुणांचा अलंकार आहे, आणि मॉस-जेन्किन्सन यांच्या कौशल्याचे कौतुक कोणीही करावे. पोर्तागोने पत्करलेला धोका त्याने स्वतः निवडला होता. पण ग्विदित्सोलोच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या त्या पाच मुलांना कोणी विचारले होते? त्यांनी शर्यतीत नाव नोंदवले नव्हते. ती केवळ आपल्या गावची गंमत पाहण्यास आली होती. आपल्या धाडसाची किंमत दुसऱ्याला चुकवावी लागणार असेल, तर ते धाडस आवरणे हेच शहाणपण होय. एखादी परंपरा लोकप्रिय आहे, एवढ्यावरून ती निर्धोक ठरत नाही. आणि ती बंद करण्याचा निर्णय कितीही कडू लागला तरी तो घेणारे लोकांचे शत्रू नसतात.

१९७७ पासून याच नावाने जुन्या मोटारींची फेरी निघू लागली. १९५७ पर्यंत शर्यतीत धावलेल्या जातीच्या गाड्या तीत भाग घेतात. पण तेथे सर्वांआधी पोचणारा जिंकत नाही. ठरवून दिलेल्या वेळेत नेमके अंतर कापणारा जिंकतो. रस्त्याच्या कडेला आजही मुले उभी राहतात, हात हालवतात आणि संध्याकाळी आपापल्या घरी परततात.